शरणपूरची मुले
शास्त्रपाठ : निर्गम 13:17-19, यहोशवा 24:32

मिसर देश सोडताना मोशेने योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या. रानातून त्या ज्यांनी खांद्यावर वाहिल्या, त्यांची नावे शास्त्रात नाहीत. आजच्या धड्यातील माणसांची नावे लिहून ठेवलेली आहेत. तरी आपल्या शब्बाथ शाळांत ती क्वचितच ऐकू येतात.

इंदूरहून मुंबईस जाणारा आग्रा रोड नाशिकवरून जातो. तेथील शरणपूर आता शहरातच आले आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम साल्टर प्राइस यांनी ही ख्रिस्ती वस्ती वसविली. इंग्रजी आरमार गुलामांच्या गलबतांतून आफ्रिकन मुले सोडवून मुंबईस आणी. 1860 च्या सुमारास त्यांतील पुष्कळांना शरणपुरात आसरा मिळाला. ती लिहावाचावयास शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. नावे मात्र इंग्रजी मिळाली. आईने ठेवलेली नावे बहुतेकांच्या बाबतीत हरवली. शिक्षकांनी हेही मुलांना सांगावे.

जेकब वेनराइट हा त्यांतलाच. 1872 साली त्याला व शरणपूरच्या आणखी काही तरुणांना डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस पाठविण्यात आले. मे 1873 मध्ये डॉक्टरसाहेब चितांबोच्या गावी वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. जेकबने दफनविधीची उपासना वाचली व झाडावर नाव कोरले. मग सुसी व चुमा यांच्या पुढारीपणाखाली, देह उन्हात वाळवून व सालीत गुंडाळून, मंडळी किनाऱ्याकडे निघाली. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. त्यांनी तो मानला नाही. हजार मैलांहून अधिक चालून फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोस पोहोचले.

18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. सुसी व चुमा इंग्लंडला पोहोचले तेव्हा दफन उरकले होते! हा चुमा मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला. 1865 मध्ये त्याचा बाप्तिस्माही तेथेच झाला होता.

शरणपूरचाच विल्यम जोन्स 1864 मध्ये मोंबासाजवळच्या राबाई येथे सेवेस गेला आणि 1895 मध्ये पाळक झाला. 1875 मध्ये प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसविले, तेव्हा नाशिकच्या या लोकांनीच ते उभे केले. गुलाम पकडणारे आले की तेथे घंटा वाजे. ती घंटा अजून आहे, आणि त्या भागाला तिच्यावरूनच केंगेलेनी म्हणतात.

वर्गासाठी : नकाशावर नाशिक, चितांबो व मोंबासा दाखवा. जेकबचे नाव फळ्यावर लिहा, आणि त्याचे आधीचे नाव काय असेल, हे मुलांना विचारा.