घर एकटीवर आहे, म्हणून आधी स्वतःची तपासणी



वस्तीतल्या आरोग्याच्या बैठकीत आम्ही आयांना दोन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न, मुलाला शेवटचा डोस कधी दिला? याचे उत्तर लगेच येते. महिना, दवाखाना, रात्री ताप किती आला होता, सगळे पाठ असते. दुसरा प्रश्न, तुमचे स्वतःचे बीपी शेवटचे कधी मोजले? इथे सगळ्या गप्प होतात. मागे एका ताईने बराच विचार करून सांगितले, "धाकट्याच्या बाळंतपणात." तो धाकटा आता नववीत आहे.

ही ताई एकटी घर चालवते. अशी घरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. कुणाचा नवरा वारला, कुणाचा सोडून गेला, कुणाचा दारूमुळे असून नसल्यासारखा. पहाटे पाणी भरायचे, डबे करायचे, चार घरची धुणीभांडी उरकायची, संध्याकाळी परत चूल आणि मुलांचा अभ्यास. अशा घरातली आई महिनाभर अंथरुणाला खिळली तर मजुरी बुडते, उधारी वाढते आणि बहुतेक वेळा थोरल्या मुलीची शाळा सुटते. म्हणून आईची तब्येत हा मुलांच्या शिक्षणाचाच प्रश्न आहे. बायको गेल्यावर एकट्याने मुले वाढवणाऱ्या बापालाही हे सगळे तसेच लागू आहे.

न दुखणारे आजार आधी शोधा

दात दुखला तर आपण दवाखान्यात जातो. पण वाढलेले बीपी बहुतेकदा दुखतच नाही. वरचा आकडा 140 किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा 90 किंवा त्याहून जास्त, असे पुन्हा पुन्हा आले तर बीपी वाढलेले समजतात. उपचार न केल्यास त्यातून लकवा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार होऊ शकतो. गोळी सुरू झाल्यावर बरे वाटते आणि पुष्कळ जणी ती सोडून देतात. तसे करू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. "दिवसभर राबते, मग थकवा येणारच," असे आपण म्हणतो. पण जिना चढताना धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, नखे व ओठ पांढरट दिसणे ही रक्त कमी असल्याची लक्षणे असू शकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 पेक्षा खाली असू नये. लोहाच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. पाळीत फार रक्त जात असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा.

वयाची 30 वर्षे पूर्ण झाली की बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. स्तनातली गाठ दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. मशेरी लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्यांनी तोंडाची तपासणी टाळू नये. मशेरीने भूक मरते आणि कामाला हुशारी वाटते हे खरे, पण तीसुद्धा तंबाखूच आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम असेल किंवा तोंड पुरते उघडत नसेल तर लगेच दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात मोफत आहे.

वेळ आणि मजुरीचे काय?

"रांगेत अर्धा दिवस जातो, तेवढी मजुरी कोण देणार?" ही अडचण खरी आहे. म्हणून आधी आशाताईंना विचारा, वस्तीत तपासणीचा दिवस कोणता. बीपी मोजायला पाच मिनिटे पुरतात. शहरात काही ठिकाणी 'आपला दवाखाना' संध्याकाळीही उघडा असतो, त्याची वेळ एकदा विचारून ठेवा. दोघी शेजारणींनी जोडी करा. एक रांगेत असेल तेव्हा दुसरी मुले सांभाळेल, पुढच्या वेळी उलट. आणि तारीख विसरू नये म्हणून धाकट्या मुलाच्या वाढदिवसाचा महिना हाच आपल्या वर्षाच्या तपासणीचा महिना ठरवा.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या दवाखान्यांचे नियम वेगळे असू शकतात. मोठे ऑपरेशन निघाले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कोणते रुग्णालय योजनेत आहे ते 155388 वर विचारा. सावकाराकडे जाण्याआधी हा फोन करा.

ताट आणि पाणी

आपल्या घरात आई शेवटी जेवते आणि उरेल ते खाते. आजपासून स्वयंपाक झाला की आपला वाटा आधी वेगळा काढून ठेवा. नाचणी, बाजरी, मटकी, हरभरे, पालेभाजी, शेंगदाणे, अंडे, सुकट, परवडेल तेव्हा कलेजी, हे सगळे चांगले. भाजीवर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते. जेवणासोबत चहा घेतला तर ते कमी लागते, म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा. दुपारची भूक चहा-बटरवर भागवू नका. कामावर जाताना एक भाकरी बांधून न्या.

कामाच्या ठिकाणी संडासला जाऊ देत नाहीत म्हणून पुष्कळ जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, लघवी तुंबवून ठेवतात. त्यातून लघवीला जळजळ, ताप, पुढे मूत्रपिंडाचा त्रास होतो. काम धरतानाच संडासाचे विचारून घ्या. ज्या घराची फरशी आपण पुसतो तिथे संडास वापरू देणे हा उपकार नाही.

मन थकते तेव्हा

लोकांचे टोमणे, पैशाची चिंता आणि ऐकायला कुणी नाही, याने मनही आजारी पडते. झोप उडणे, उगीच रडू येणे, मुलांवर हात उठणे, जगू नये असे वाटणे, हे दोन आठवडे टिकले तर मदत घ्या. 14416 हा सरकारी टेलिमानसचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीत बोलता येते. जीव देण्याचा विचार मनात आला तर दोन आठवडे थांबू नका, त्याच क्षणी फोन करा आणि शेजारणीला हाक मारा.

घरकाम मुलांत वाटून द्या, पण सगळे मुलीवर नको. मुलालाही भाकरी थापता आली पाहिजे.

अचानक आजारी पडलो तर

प्रत्येक एकट्या पालकाने हे आजच ठरवावे. मुलांना दोन दिवस सांभाळेल असे एक विश्वासाचे घर नक्की करा आणि मुलांनाही ते सांगा. 108 ला फोन करून पत्ता कसा सांगायचा, हे मुलांकडून पाठ करून घ्या. रेशनकार्ड, आधार, औषधांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा.

एकच पालक असलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला प्रत्येक मुलामागे 2,250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करावा. उत्पन्न फार कमी असलेल्या विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता भगिनींनी संजय गांधी निराधार योजनेची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

या आठवड्याचा अभ्यास

1. आपले बीपी आणि हिमोग्लोबिन किती? दोन्ही आकडे मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा.
2. तपासणीसाठी आपली जोडीदारीण कोण? नाव ठरवा.
3. आपण आजारी पडलो तर मुले कुठे जातील? आज रात्री मुलांशी बोला.

रविवारी विहारात जमाल तेव्हा हे पान वाचून दाखवा. ज्या ताईला वाचता येत नाही, तिच्यापर्यंत ते आधी पोचू द्या.