वासाचं बिऱ्हाड फोममध्ये

अगं, मोटरसायकल चांगली घेतलीस. इंजिनचा आवाज एकसारखा आहे, टायर बरे आहेत, भावही वाजवी पडला. आधीचा मालक गाडीवर बसूनच सिगारेटी फुंकायचा हे तुला पैसे मोजल्यावर कळलं, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. उघड्यावर उभी असलेली गाडी बघताना सिगारेटचा वास जाणवत नाही. तो कळतो बंद पार्किंगमध्ये गाडी रात्रभर राहिली की, नाहीतर पावसाळी दमट हवेत. फोममध्ये मुरलेलं सगळं ओलाव्याने पुन्हा वर येतं.

पण साबणाला हात लावण्याआधी वास नक्की कसला, ते ठरव. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, इंजिन गार असताना, सीटशी वाकून हुंग. तेव्हाच कुबट, शिळा धूर जाणवला तर तो तंबाखूचा. गाडी गरम झाल्यावरच जळका वास येत असेल तर तुझं काम साबणाने व्हायचं नाही. इंजिनचं ऑइल झिरपून सायलेन्सरच्या नळीवर पडत असेल, नाहीतर क्लच प्लेटा जळत असतील. सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असेल तर ऑइल आत जळतंय, ते मेकॅनिकच्या कानावर घाल. जळक्या प्लास्टिकचा वास आला तर आधी सायलेन्सरला कोणाच्या रेनकोटचा तुकडा किंवा पिशवी चिकटली आहे का, ते बघ. हे फार वेळा निघतं. तसं काही नसेल तर वायरिंगची शंका घे, गाडी बंद कर आणि वायरिंगवाल्याला दाखवल्याशिवाय पुढे नेऊ नकोस.

तंबाखूच आहे असं ठरलं, की पुढचं ऐक. लोक गाडी वॉशिंगला टाकतात, फेसाने चकचकीत करून आणतात आणि दोन दिवसांनी पुन्हा नाक मुरडतात. अगं, पत्र्याला, रंगाला, क्रोमला वास धरून ठेवता येत नाही. एकदा पुसलं की गेला. तो राहतो मऊ वस्तूंत. चुलीपाशी वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेल्या गोधडीचं जे होतं, तेच सीटच्या फोमचं होतं. वरचं रेक्झिन धुतलं तरी शिवणीच्या भोकांतून धूर कधीच आत गेलेला असतो.

सीट काढ. काही गाड्यांची किल्लीने निघते, काहींची बाजूची पॅनल काढून दोन नट सोडवल्यावर. उलटी करून बघ. खाली प्लास्टिकचा तळ दिसेल आणि कव्हरची कड त्याला बारीक पिनांनी ठोकलेली असेल. मागच्या बाजूच्या चार-पाच पिना स्क्रू ड्रायव्हरने उचकट, कव्हर जरा मागे सार आणि फोमला नाक लाव. तिथे वास नसेल तर सुटलीस, नुसतं कव्हर धुऊन भागेल. तिथे असेल, फोम पिवळट पडून बोटाखाली भुगा होत असेल, तर सरळ बदलायचा. इथे एक मेख आहे. सीट कव्हरवाला बहुतेक वेळा जुन्याच फोमवर नवं कव्हर चढवून देतो, कारण तेच पटकन होतं. नानापेठेतल्या सीट कव्हरवाल्याकडे जाशील तेव्हा आधीच बजाव की फोमसकट हवं आहे, आणि समोर उभी राहून करून घे. आत काय घातलं ते घरी आल्यावर दिसत नाही.

फोम धड असेल तर धुता येतो. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर घे, तेवढंच पाणी घाल. निकोटीन हे अल्कली गुणाचं असतं, व्हिनेगर आम्ल. दोन्ही भेटले की निकोटीनचा पाण्यात विरघळणारा क्षार होतो आणि तो पाण्याबरोबर निघून जातो. फोमवर हे पाणी शिंपड, थोडा वेळ मुरू दे, मग साध्या पाण्याने दाब देऊन देऊन काढ. पिळायचा नाही, फाटतो. नंतर सावलीत, वाऱ्याला, पंख्याखाली ठेव. कडक उन्हात ठेवू नकोस, उन्हाने फोम ठिसूळ होतो. आतून खडखडीत वाळायला दोन-तीन दिवस सहज जातात. त्याआधी कव्हर चढवलंस तर धुराच्या जागी बुरशीचा वास घेऊन बसशील. म्हणून आषाढ-श्रावणात या भानगडीत पडूच नकोस.

खायचा सोडा वापरायचा तर तो फोम वाळल्यावर. कोरडाच भुरभुरव, रात्रभर ठेव, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घे. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढण्याचे व्हिडिओ तू बघितले असशीलच. फेस छान दिसतो, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि तुझ्या हाती जवळजवळ पाणीच उरतं. आणि व्हिनेगरच्या जवळपास ब्लीच आणायचं नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

आता पेट्रोलच्या टाकीवरचं कव्हर. मला तर खरा चोर तोच वाटतो. रेक्झिनचं, आतून पातळ फोमचं, वर चेनचा छोटा खिसा. त्या खिशात माणूस काय ठेवत असेल? पाकीट आणि लायटर! उलटा करून झटक, तंबाखूचा चुरा पडेल. ते कव्हर धुवायच्या फंदात पडू नकोस, फेकून दे. खालचा रंग बहुधा अजून नव्यासारखा असेल. हँडलच्या रबरी ग्रिपही बदल. सिगारेट धरणारी बोटं रोज तिथेच असायची आणि नव्या ग्रिपला फार पैसे पडत नाहीत. बटणांच्या फटी भांड्याच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने पुसून घे. सीटखालच्या टूलकिटची कापडी पिशवी आणि पुसायचं फडकं हमखास विसरतं, तेही टाक.

काकूंनी सुचवलेलं धूप-कापराचं मात्र मनावर घेऊ नकोस. धुराने धूर घालवायचा, तोही पेट्रोलच्या टाकीशेजारी! अत्तराचे फवारेही नकोत, त्याने सिगारेट आणि मोगरा असा तिसराच वास तयार होतो. कोणी ओझोनचं मशीन लावून देतो म्हणालं तर नाही म्हण. ओझोनने रबराला चिरा पडतात आणि तुझ्या गाडीत नळ्या, सील सगळं रबरच आहे. रेक्झिन पेट्रोलने पुसू नकोस, कडक होतं. आणि वॉशिंगवाल्याला सीटवर पॉलिश मारू देऊ नकोस. ब्रेक दाबला की माणूस टाकीवर घसरतो.

राहिलं आधीच्या मालकाने गाडीवर फुकट दिलेलं हेल्मेट. अस्तर काढून धुतलंस तरी ते वापरू नकोस. आतला थर्मोकोल एकदाच मार झेलतो, आणि ते कधी आपटलंय का ते बाहेरून कळत नाही. आयएसआयचा शिक्का बघून स्वतःच्या मापाचं नवं घे. गाडीत सगळे पैसे गेले असतील तर लाजू नकोस, मला फोन कर, हेल्मेट माझ्याकडून.