तळाचा चिखल विसरत नाही

माझी आई ओहोटीला खाडीत तिसऱ्या काढायला जाते. आणलेल्या तिसऱ्या ती रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवते. सकाळी पातेल्याच्या बुडाला रेती दिसते. मी विचारले, "आई, ही रेती कुठून आली गं?" आई म्हणाली, "त्यांच्या पोटातली. चिखलात राहतात, मग चिखल आत जाणारच की!"

मी हे शाळेत बाईंना सांगितले. बाई म्हणाल्या, "तिसरी पाणी आत घेते, त्यातले बारीक कण खाते आणि पाणी बाहेर सोडते." मग त्यांनी आमच्याकडून एक प्रयोग करून घेतला.

प्रयोग : काचेच्या बरणीत खाडीचे गढूळ पाणी भरले. बरणी रात्रभर हलवली नाही. सकाळी वरचे पाणी नितळ झाले होते. बाईंनी विचारले, "घाण कुठे गेली?" आम्ही सगळे ओरडलो, "तळाला!"

समुद्रातही असेच होते. कारखान्याचा गाळ पाण्यात सोडला की तो हळूहळू तळाला बसतो. तिथे किडे, तिसऱ्या, कालवे, खेकडे राहतात. मासा पोहून लांब जाईल, पण कालव खडकाला चिकटलेले असते. ते कुठे पळणार? गाळ फार झाला तर हे जीव त्याखाली गुदमरतात. गाळात विष असले तर ते त्यांच्या अंगात साठते.

बाईंनी जपानमधली खरी गोष्ट सांगितली. तिथे मिनामाता नावाचे गाव आहे. तिथला एक कारखाना 1932 पासून पारा असलेले सांडपाणी समुद्रात सोडत होता. पारा तळाच्या चिखलात बसला. तो शिंपल्यांत, खेकड्यांत, माशांत गेला. वरून पाणी निळेच दिसे. लोक ते मासे आणि शिंपले रोज खात. आधी मांजरे वेड्यासारखी गोल गोल फिरून मेली. 1956 साली एका पाच वर्षांच्या मुलीला दवाखान्यात नेले. तिला नीट चालता येईना, बोलता येईना. तसे आजारी पुष्कळ निघाले. 1959 साली डॉक्टरांनी शोधले की हे पाऱ्याचे विष आहे. तरी पारा सोडणे 1968 साली थांबले.

पण चिखल तसाच राहिला! 1977 ते 1990 अशी तेरा वर्षे तो उपसत होते. सुमारे 15 लाख घनमीटर गाळ काढला आणि भराव घालून जमिनीखाली बंद केला. विषारी मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाला जाळे लावले होते. ते 1997 साली काढले. आजारी माणसे मात्र पूर्वीसारखी बरी झाली नाहीत.

गोष्ट ऐकून मी गप्प बसले. कारण आमच्या घरची फुटकी ट्यूबलाईट मीच खाडीकाठी टाकली होती. बाई म्हणाल्या, "त्यातही थोडा पारा असतो." आपल्या खाडीला कारखाना नाही, पण आपण तर आहोत!

म्हणून भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना विनंती आहे. जुने सेल, फुटक्या ट्यूब, इंजिनाचे काळे तेल खाडीत टाकू नका. ओहोटीला माझी आई त्याच चिखलात हात घालते, आणि त्यातल्या तिसऱ्या आपण सगळे खातो.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी