स्पष्ट आणि धूसर

प्रस्तावना

वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरील छायाचित्रात खेळाडूच्या कपाळावरचा घाम स्पष्ट दिसतो. मागची गर्दी, फलक, झाडे मात्र धूसर असतात. ही धूसरता चुकून आलेली नसते. ती हेतुपूर्वक साधलेली असते. कधी कधी सामना नसतानाही खेळाडूला मैदानावर बोलावून अशी छायाचित्रे काढली जातात. त्यांना रचित छायाचित्रे म्हणता येईल. ती कशी काढावीत आणि कोणती मर्यादा पाळावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना
• सुस्पष्टतेची खोली म्हणजे काय, हे सांगता येईल;
• ती कमी करण्याचे उपाय स्पष्ट करता येतील;
• रचित छायाचित्र आणि फसवे छायाचित्र यांतील फरक ओळखता येईल.

मूळ पाठ

१९०५ साली ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. त्या वेळी लंडनच्या ओव्हल मैदानावर जॉर्ज बेल्डम यांनी व्हिक्टर ट्रम्पर या फलंदाजाचे एक छायाचित्र टिपले. बॅट मागे उंच उचललेली, पुढचा पाय हवेत, सारे शरीर चेंडूकडे झेपावलेले. पाहणाऱ्याला तो ऐन सामन्यातील क्षण वाटावा, इतके ते चित्र जिवंत आहे. प्रत्यक्षात ते सामन्यातील नव्हते. बेल्डम स्वतः क्रिकेटपटू होते. नामवंत फलंदाजांची खेळण्याची पद्धत वाचकांना दाखवावी, या हेतूने त्यांनी सी. बी. फ्राय यांच्यासह त्याच वर्षी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हे छायाचित्र त्यातील आहे. प्रसंग रचलेला होता. फटका मात्र ट्रम्परचा स्वतःचा होता. रचित छायाचित्राचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

भिंग ज्या अंतरावर केंद्रित केलेले असते, त्याच्या थोडे पुढचे आणि थोडे मागचे क्षेत्रही चित्रात स्पष्ट दिसते. या पट्ट्याला सुस्पष्टतेची खोली म्हणतात. छायाचित्रकार त्यालाच ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. भिंगाचे छिद्र जितके मोठे, भिंगाचे केंद्रांतर जितके जास्त आणि खेळाडू जितका जवळ, तितका हा पट्टा अरुंद होतो. छिद्राचा आकडा मात्र उलटा चालतो : एफ २.८ हे छिद्र मोठे, तर एफ १६ हे लहान.

उदाहरणार्थ, ३६ × २४ मिलिमीटर संवेदकाच्या कॅमेऱ्याला २०० मिलिमीटरचे भिंग लावले आणि खेळाडू १० मीटर अंतरावर असला, तर एफ १६ वर सुमारे २.४ मीटरचा पट्टा स्पष्ट येतो, एफ २.८ वर तो अवघा ४२ सेंटिमीटर उरतो. मोठ्या छिद्राचा आणखी एक लाभ आहे. प्रकाश भरपूर आत येत असल्याने सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका अल्प वेळ देऊनही चित्र उजळ येते. तेवढ्या वेळात ताशी सुमारे २९ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ८ मीटर, वेगाने धावणारा खेळाडू फक्त ८ मिलिमीटर पुढे सरकतो. त्यामुळे त्याची हालचाल जणू गोठते.

अडचण येथेच उद्भवते. हाच खेळाडू कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल, तर ४२ सेंटिमीटरचा पट्टा तो सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात ओलांडतो. सामन्यात तो क्षण साधणे कठीण असते. रचित प्रसंगात मात्र जागा आधी ठरवता येते. लांब उडीचे चित्र समोरून काढायचे असेल, तर खेळाडू हवेत जेथे असेल त्या अंतरावर, खड्ड्याच्या कडेला, एक खूण ठेवावी. त्या खुणेवर भिंग केंद्रित करून ते तसेच स्थिर करावे आणि खेळाडू तेथे पोहोचताना ओळीने अनेक चित्रे टिपावीत. बाजूने चित्र काढल्यास काम सोपे होते, कारण पूर्ण उडीभर खेळाडूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर फारसे बदलत नाही. मागची भिंत किंवा झाडे खेळाडूपासून जितकी दूर, तितकी ती अधिक धूसर होतात.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्याने त्यात खोली सहसा जास्त असते. मागचा भाग गणिताने धूसर करण्याची सोय अनेक मोबाइलमध्ये असते. परंतु वेगाने हलणारी बोटे आणि उडणारे केस यांच्या कडा त्यात पुष्कळदा बिघडतात.

खेळाडूचे कष्टही विसरता कामा नयेत. प्रत्येक चित्रासाठी त्याला खरी उडी मारावी लागते. म्हणून प्रकाश, खूण आणि कॅमेऱ्याची मांडणी आधी तपासावी आणि दोन उड्यांमध्ये त्याला विश्रांती द्यावी.

धूसरता लक्ष वेधते, तशीच ती झाकतेही. रिकामे मैदान धूसर झाले की ते भरलेले भासू शकते. स्टुलावरून मारलेली उडी विक्रमी म्हणून खपवता येते. अशा वेळी चित्र सुंदर असले, तरी ते खोटे ठरते. वेळ आणि जागा रचावी. खेळाडूचे सामर्थ्य रचू नये. बातमीच्या छायाचित्रात तर प्रसंग रचणे मुळीच मान्य नाही. अन्यत्र असे चित्र छापताना ते सरावाच्या वेळी, ठरवून काढले आहे, एवढी एक ओळ त्याखाली अवश्य लिहावी. त्या ओळीने चित्राचे सौंदर्य घटत नाही. पाहणाऱ्याचा विश्वास मात्र टिकतो.

शब्दार्थ

केंद्रांतर – भिंगापासून त्याच्या केंद्रबिंदूपर्यंतचे अंतर
संवेदक – कॅमेऱ्यातील प्रकाश ग्रहण करणारा भाग
मर्म – मुख्य आशय

पाठान्त प्रश्न

१. सुस्पष्टतेची खोली कमी करण्याचे तीन उपाय लिहा.
२. समोरून चित्र काढताना आधी खूण का ठेवावी लागते?
३. ‘प्रसंग रचलेला होता, फटका मात्र ट्रम्परचा स्वतःचा होता.’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
४. वर्तमानपत्रातील एक क्रीडाछायाचित्र निवडा. त्यात काय स्पष्ट आहे, काय धूसर आहे आणि त्या धूसरतेमुळे काय झाकले गेले असावे, ते आठ-दहा ओळींत लिहा.