गाणं आधी, पुस्तक नंतर

अगं, काकू सांगत होती, तू हल्ली हेडफोन घालूनच अभ्यासाला बसतेस आणि विचारलं की म्हणतेस, मोझार्टने बुद्धी वाढते. काकूला पटलंय. मला नाही. पण बंद कर, असंही मी म्हणणार नाही.

ही बुद्धी वाढायची गोष्ट आली कुठून ते ऐक. १९९३ साली कॅलिफोर्नियात फ्रान्सेस राउशर आणि तिच्या सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या ३६ मुलांना मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा १० मिनिटं ऐकवला. मग घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असली कोडी घातली. गुण वाढले खरे, पण पाव तासात सगळा परिणाम ओसरला. आणि ती मुलं ऐकता ऐकता कोडी सोडवत नव्हती बरं का, ऐकून झाल्यावर सोडवत होती! एवढ्याशा भांडवलावर १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने तिथल्या प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत भेट द्यायला सरकारी पैसे मागितले. पुढे इतरांनी तपासलं, तर मन तरतरीत करणारं काहीही चाललं असतं असं निघालं.

म्हणून पुस्तक उघडायच्या आधी ऐक. संतूर, सरोद, हरिप्रसादजींची बासरी, तुला आवडेल ते. दहा मिनिटं, फोन पालथा ठेवून, दुसरं काही न करता.

अभ्यास चालू असताना लावायचं का, ते कामावर आहे. आकृत्या काढतेयस, वही पूर्ण करतेयस, येणारीच गणितं पुन्हा सोडवतेयस, तर संथ आलाप खुशाल चालू दे. पाठांतर किंवा नवा धडा असेल तर बंद. शब्द असलेलं गाणं तर नकोच. वाचताना आपणही मनात शब्दच घोळवत असतो, त्यात बाहेरचे घुसतात, अगदी न कळणाऱ्या भाषेतले असले तरी. ख्यालात शब्द मोजकेच असतात म्हणून फसू नकोस. किशोरीताई आमोणकर लावून रसायनशास्त्र वाचायला बसलीस तर रसायन तरी बुडेल, नाहीतर किशोरीताईंचा अपमान तरी होईल. (दुसरं मला जास्त लागेल.) वाद्यातसुद्धा जोड संपून द्रुत लयीतला ‘झाला’ वाजू लागला की पेन थांबतंच, तेव्हा आलापापुरतंच लाव.

खालच्या मजल्यावरचा टीव्ही छळत असेल तर नुसता तानपुरा लावून बघ. फोनवर मिळतो. बाहेरचे संवाद त्या गुंजनात बरेचसे बुडतात, आणि त्यात पुढे काय येणार याची उत्सुकताही नसते.

सराव पेपर मात्र हेडफोन काढूनच सोडव. परीक्षेच्या हॉलमध्ये पंख्याची घरघर आणि पर्यवेक्षकांच्या चपला एवढंच ऐकू येणार आहे.

आणि डिसेंबरात एक संध्याकाळ माझ्याबरोबर सवाई गंधर्व महोत्सवाला ये. बारावीचं वर्ष आहे वगैरे काकू म्हणेल, तिला मी बघते. येताना पुस्तक आणायचं नाही.