नेम आणि नाते : वारकरी पंथातील ईश्वराज्ञा



ईश्वराची आपणांस आज्ञा काय आणि त्याचे आपल्याशी नाते कोणते, हा प्रश्न प्रत्येक धर्माने आपापल्या परीने विचारला आहे. ज्यू व ख्रिस्ती परंपरेत सिनाई पर्वतावर मोशेला दहा आज्ञा मिळाल्याची कथा आहे. आपल्या महाराष्ट्रातील वारकरी पंथात आज्ञेऐवजी ‘नेम’ हा शब्द रूढ आहे. नेम वरून लादला जात नाही. भक्त तो आपण होऊन घेतो.

माळ व नेम

वारकरी होणे म्हणजे तुळशीची माळ घालणे. ज्येष्ठ वारकऱ्याच्या अथवा फडप्रमुखांच्या हातून माळ स्वीकारताना काही नेम घ्यावे लागतात. पंढरीची वारी चुकवू नये, एकादशीचे व्रत करावे, हरिपाठ म्हणावा, मद्यमांस वर्ज्य करावे, खरे बोलावे, परस्त्री मातेसमान मानावी. या नेमांत द्रव्याचा उल्लेख कोठेही नाही. निर्धन शेतमजूर आणि धनवान व्यापारी यांस एकच माळ व एकच नेम. वारकरी एकमेकांस भेटले की परस्परांच्या पाया पडतात. तेथे वय, जात व प्रतिष्ठा पाहिली जात नाही.

विटेवरील देव

या पंथातील देवाचे रूपच नेमाचा अर्थ सांगते. भक्त पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत मग्न असता देव भेटीस आले. सेवा अर्धवट न सोडता पुंडलिकाने एक वीट पुढे सारली आणि देव तिच्यावर कटीवर कर ठेवून उभे राहिले, अशी कथा आहे. कर्तव्यात गुंतलेल्या भक्ताची वाट पाहण्यात देवाला उणेपणा वाटला नाही. म्हणूनच वारकरी विठ्ठलास ‘विठाई’ म्हणतात व ज्ञानेश्वर महाराजांस ‘माउली’ म्हणतात. नेम मोडल्यास शिक्षा होईल या भयापेक्षा, आईला वाईट वाटेल ही जाणीव त्यांच्या मनात अधिक असते.

महाद्वाराची कसोटी

परंतु देव ज्यांना आपले म्हणतो, त्यांना त्याच्या दारी उभे राहू न देणाऱ्यांनी कोणता नेम पाळला? हा प्रश्न आपल्या इतिहासात वारंवार उभा राहिला आहे. संत चोखामेळा यांस जन्मभर मंदिराबाहेरूनच विठ्ठलास हाक मारावी लागली. मंगळवेढे येथे भिंत कोसळून त्यांचा अंत झाला. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीच्या सन्निध आहे.

पुणे शहरातही १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीवरील मंदिरात सर्वांस प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. सत्याग्रहींना मार सोसावा लागला आणि मंदिराचे दार त्या वेळी उघडले नाही. पुढे साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे यासाठी महाराष्ट्रभर दौरा केला व १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर ते सुटले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या कलम १७ अन्वये अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. चोखोबांनंतर सहा शतके लोटल्यावर हे घडले. त्या काळात एकादशी करणारे व माळ घालणारे पुष्कळ होते. तरीही दार बंदच होते. यावरून नेमाचे बाह्य आचरण व देवाचे मन यांत केवढे अंतर पडू शकते, हे ध्यानी येते.

भाविकांस विनंती

दर वर्षी ज्येष्ठ वद्य पक्षात देहू व आळंदीहून निघालेल्या पालख्या पुण्यात मुक्कामास येतात. संत तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात, तर माउलींची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात विसावते. त्या दिवसांत पुण्यात असल्यास भाविकांनी दर्शनाचा लाभ अवश्य घ्यावा. पेठांतील असंख्य कुटुंबे अनोळखी वारकऱ्यांस आपल्या घरी जेवू घालतात, तेही पाहावे.

देणगीदार बंधुभगिनींच्या सहकार्यानेच देवस्थानांत दिवाबत्ती, अन्नदान व निवासाची सोय होते. त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि देणगीची पावती ही देवाच्या निकटतेचा परवाना नव्हे, हे पंथाच्या नेमांतूनच स्पष्ट होते. प्रत्येक भाविकाने झेपेल असा एक तरी नेम येथून घेऊन जावा आणि दर्शनाच्या रांगेत आपल्या मागे उभा असलेला मनुष्यही देवाचाच आहे, हे स्मरावे, ही नम्र विनंती.

॥ राम कृष्ण हरी ॥