चेकवरचे स्पेलिंग
बीडच्या मोंढ्यात काय किंवा माजलगावच्या बाजारात काय, चेक लिहिताना आपण आकडा जपून टाकतो. इंग्रजी अक्षरांत मात्र चुकतो. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे कलम १८ सांगते की, आकडी व अक्षरी रकमेत फरक असल्यास अक्षरी रक्कमच धरावी. फोर्टीनऐवजी फोर्टी लिहिले की चौदा हजारांचे चाळीस हजार झाले! बँक असा चेक परतही करू शकते.

म्हणून ध्यानात ठेवू : फोर व फोर्टीनमध्ये ‘यू’ आहे, फोर्टीत नाही. नाइन्टीत ‘नाइन’चा ‘ई’ कायम राहतो. एटीत ‘टी’ एकच.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, अशी ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहायचेच, तर बिनचूक लिहू या.